कानबाईच्या चौरंगावरचं आभाळ

आमच्या आबाचा हात सुटायचा. आबा म्हणजे माझा बाप. बापाबद्दल लिहायला बसलं की लोकांना त्याचा घाम आठवतो, कष्ट आठवतात, फाटकी चप्पल आठवते. मला आधी हात आठवतात. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये तो साड्या छापायचा, म्हणून मनगटापर्यंत रंगलेले. कधी राणी, कधी पोपटी, कधी नुसतेच काळे.

दारू पीत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण बाप मारायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "प्यायचा का?" नाही हो. बिडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. पूर्ण शुद्धीत मारायचा. वरण पातळ झालं, मार. लहान भाऊ रडला, मार. मिलमध्ये मास्तर काही बोलला, की घरी मायला मार. एकदा पोळी करपली म्हणून त्याने चुलीवरचा तवाच फडक्याने उचलला आणि मायच्या पाठीमागे धरून उभा राहिला. टेकवला नाही. नुसता धरला. माय पुढे सरकत गेली, तवा मागून सरकत आला, भिंत आली तेव्हा तो थांबला. चट्टा उठला नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कुणाला दाखवणार तरी काय?

आमची एकच खोली होती, वर पत्रा. शेजारची मावशी मूळ सुरतची. आमच्याकडे आवाज चढला की ती दारात येऊन म्हणायची, "अरे भाई, छोडी दो ने!" आणि आत जाऊन रेडिओ मोठा करायची. मला तिचा असा राग यायचा की तिचा तो रेडिओ नेऊन खाडीत फेकावा. पुढे कळलं, तिच्याही घरात तेच चालायचं, फक्त रेडिओमुळे आम्हाला ऐकू येत नव्हतं.

तर त्या वर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मिलच्या शेठच्या बंगल्याची साफसफाई निघाली. पोरांची जुनी खेळणी मिलमधल्या माणसांना वाटून टाकली. कुणाला बॅट मिळाली, कुणाला चाकं नसलेली मोटार, आणि आबाला एक पुठ्ठ्याचा डबा. डब्यावर हजार तुकड्यांचं पझल. झाकणावर चित्र होतं: परदेशातलं कुठलंसं घर, शेजारी पाणचक्की, मागे डोंगर, आणि वरचं अर्ध्याहून जास्त चित्र नुसतं निळं आभाळ. आणलं होतं भावासाठी. भाऊ इतका लहान की त्याने पहिला तुकडा सरळ तोंडात घातला. आबाने बोट घालून तो काढला, शर्टाला पुसला, उलटासुलटा करून पाहिला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "हाई मांडू कोठे?"

घरात सपाट जागा एकच होती, कानबाईचा चौरंग. कानबाई आमची खानदेशातली कुळाची देवी. श्रावणात एका रविवारी घरात बसते, दुसऱ्या दिवशी जाते. बाकी वर्षभर तिचा चौरंग जुन्या लुगड्यात गुंडाळून भिंतीला उभा. आबाने लुगडं सोडलं तशी माय चुलीपासून उठली. "अहो, तो कानबाईना शे."

"ती श्रावणमा येई. आते अखाजी शे," आबा म्हणाला आणि हजार तुकडे चौरंगावर ओतले.

आता यातली खरी गंमत ऐका. कुठलंही शहाणं माणूस असलं चित्र कडेपासून लावतं. सरळ कडेचे तुकडे वेचले की चौकट झटकन होते, हे मला दुसऱ्याच दिवशी समजलं. पण आबा पडला छापणारा. त्याच्या खात्यात लांबच लांब टेबलावर कापड चिकटवलेलं असायचं आणि एकावर एक रंग चढवत जायचे. फिका आधी, गडद नंतर, काळी रेघ सगळ्यात शेवटी. हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं की पझलसुद्धा त्याने तसंच लावायला घेतलं. सगळ्यात फिकं काय? आभाळ. मग आधी आभाळ. आता आभाळाचे शेकडो तुकडे, सगळे निळे, सगळे सारखे. एक बसवायला अर्धी संध्याकाळ जायची. घर, चक्की, झाडं असले सोपे तुकडे त्याने एका परातीत बाजूला ठेवून दिले. "त्यास्ना नंबर नही अजून," म्हणायचा.

मी काही बोलले नाही. बोलणार तरी कशाला? पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं होतं की भाजीत मीठ कमी आहे आणि आबाने नुसतं मीठ मागून घेतलं. जेवतानाही त्याची नजर चौरंगावर. माय ताट उचलायला वाकली तेव्हा सवयीने तिने डोकं आखडून घेतलं, आणि काहीच झालं नाही. ती तशीच अवघडून थोडा वेळ उभी राहिली, ताट हातात धरून.

मला एवढंच कळलं की हे आभाळ चालू आहे तोवर माय वाचली. मग काय, मी कंबर कसली. मिलमधून आबा आला की मी हातपाय धुवायला पाणी ठेवायची, चौरंग ओढून मधोमध आणायची आणि समोर बसायची. निळे तुकडे वेचून द्यायचे हे माझं काम. बसणारा तुकडा मला आधी दिसला तरी मी तो गुडघ्याखाली दाबून ठेवायची आणि भलताच पुढे करायची. घाई कुणाला होती?

आणि खरं सांगू? मला आवडायचं ते. यानेच तर डोकं फिरतं अजून. तुकडा बोटात धरून तो मऊ आवाजात म्हणायचा, "हाऊ देख, याना कान मोठा शे, याले रुंद खाच लागी." कान आणि खाच हे त्याचे शब्द. बसला की अंगठ्याने दाबायचा आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. मी हसायची. त्याच्या खांद्याला टेकून बसायची, कपड्यांना मिलचा आंबूस वास यायचा. ज्या हाताने मायचे केस धरून ओढलेले मी पाहिले होते, त्याच हाताकडे बघत मला वाटायचं की आपला बाप किती चांगला आहे. असला कसला जीव असतो पोरीचा, मेला!

नाही म्हणायला मधूनच लाइट जायची. पांडेसऱ्यात काय, मिलला पुरली तर आम्हाला. पहिल्यांदा गेली तेव्हा आबा अंधारात तुकडा हातात धरून बसून राहिला. माय पाण्याचा तांब्या घेऊन चालली होती, तिचा पाय चौरंगाला लागला. अंधारात मला काही दिसलं नाही. तांब्या भिंतीवर आदळल्याचा आवाज आला, मग लाथेचा. लाथेचा आवाज वेगळा असतो, बोदा, उशी धोपटल्यासारखा. मग भाऊ किंचाळायला लागला. लाइट आली तेव्हा माय कोपऱ्यात कूस धरून बसलेली आणि आबा चौरंगावर वाकून एकही तुकडा हलला नाही ना ते बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी कंदील भरून, काच पुसून, काडेपेटी वर ठेवून तयारीत असायची. शाळेतल्या पोरी पाढे पाठ करत होत्या आणि मी रॉकेल कुठे मिळेल याच्या काळजीत. दिवा लुकलुकला की माझा हात कंदिलावर. इकडे लाइट गेली आणि तिकडे कंदील लागला, आबाला मान वर करायलाही सवड मिळायची नाही. असं करत करत आम्ही श्रावणापर्यंत आलो. आभाळ बरंच झालं होतं, मधे एक भगदाड राहिलं होतं.

कानबाईचं आमच्याकडे कसं असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कानबाई म्हणजे नारळ. तोच नारळ पिढ्यान् पिढ्या जपायचा, त्याला नथ घालायची, नेसवायचं, चौरंगावर बसवायचं. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पुऱ्या लागतात. आणि रोटाचे गहू मोजायची एक रीत आहे: कुळातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. एक मूठ भरून आणि वर पाव. लहान असो, म्हातारा असो, पाळण्यातला असो. बायांची मूठ नसते. बाया निवडतात, दळतात, तळतात आणि धूर खातात. पुरुष मेला की त्याची मूठ बंद. आजोबा गेले त्या वर्षी मायने एक मूठ कमी घातली, तेव्हा काका, म्हणजे आबाचा धाकटा भाऊ, सुपाकडे बघून लहान पोरासारखा रडला होता. स्मशानात नव्हता रडला तो.

नारळ आमच्याकडे, म्हणून कानबाई आमच्या घरी बसायची आणि काका-काकू त्यांच्या दोन पोरांना घेऊन सुरतेतल्याच गोडादऱ्याहून यायचे. आठवडाभर आधीपासून माय आबाला सांगत होती, चौरंग रिकामा करून द्या. आबा म्हणायचा, थोडंसंच आभाळ राहिलंय. शेवटी आदला दिवस उजाडला. आबाला त्या दिवशी मिलची सुट्टी. माय म्हणाली, "कानबाई थांबस का तुमना आभायसाठे?"

"मंग बसाड तिले भुईवर," तो म्हणाला, आणि दाढी करायला बाहेर गेला.

मायने कपाळाला हात लावला. नारळाची माफी मागितली. मग तिने एक चादर अंथरली आणि मला म्हणाली, "पोरी, तू तिकडून धर." तिला ते चित्र मोडायचं नव्हतं, हे मी आजही कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. जसंच्या तसं ते चादरीवर सरकवायचं, चादर खाटेवर ठेवायची, एवढंच. एका बाजूने ती, एका बाजूने मी. चौरंग तिरपा केला, आभाळ अख्खंच्या अख्खं सरकायला लागलं, आणि त्या भगदाडापाशी फाटलं. बाकीचं आपल्या वजनाने घसरून भुईवर पडलं. आवाजसुद्धा नाही झाला.

तेवढ्यात दारात आबा. अर्ध्या गालाला साबण.

तो ओरडला नाही. आत आला, मायची वेणी हाताला गुंडाळली आणि तिला खाली बसवलं. "कोणता हात?" त्याने विचारलं.  त्याने तिचा उजवा हात ओढला, मनगट चौरंगाच्या कडेवर ठेवलं आणि वरून आपली मूठ हाणली. एकदा. दुसऱ्यांदा. बांगड्या फुटल्या, कुठला आवाज काचेचा आणि कुठला हाडाचा ते कळलं नाही. माय ओरडली ती अशी की शेजारचा रेडिओ बंद झाला. मी उडी मारून त्याच्या दंडाला चावले. सगळे दात लावून चावले, तोंडात रंगाची कडू चव आली. त्याने मला झटकलं तशी मी पत्र्याच्या पेटीवर जाऊन पडले, ओठ फाटला. भाऊ खाटेखाली घुसला.

आणि मग तो शांत झाला. मारून झालं की तो नेहमी शांत व्हायचा, जेवण झाल्यासारखा. बसला भुईवर, गालावरचा साबण वाळत चाललेला, आणि एकेक निळा तुकडा उचलून डब्यात टाकायला लागला. काही तुकड्यांना रक्त लागलं होतं. ते तो बाजूला ठेवत होता.

दुपारी काका-काकू आले. काकूने मायचं मनगट पाहिलं, वांग्याएवढं सुजलेलं.  हळद गरम करून लावली, फडकं बांधलं. माय उठली, चौरंग धुतला, पुसला, भिंतीपाशी मांडला. मग सूप घेतलं आणि गव्हाच्या कोठीपाशी बसली. आबा उंबऱ्याजवळ, काका त्याच्या शेजारी. "मी टाकस मूठ," काकू म्हणाली. माय म्हणाली, "नको." मूठ थोरल्या सुनेनेच घालायची असते, आणि उजव्याच हाताने.

तिने तो बांधलेला हात कोठीत घातला. बोटं मिटेनात. दात आवळून तिने मिटली, दाणे फटीतून गळत होते, जेवढे राहिले तेवढे सुपात टाकले. पुन्हा घातला, पुन्हा टाकले, मूठभर होईस्तोवर. वर पाव. ही काकाची. मग त्याच्या थोरल्या पोराची, मग धाकट्याची. तिच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता, पण कुणी पुसायला पुढे झालं नाही. मग माझ्या भावाची. ती तिने सगळ्यात सावकाश घातली.

आणि कोठीवर झाकण ठेवलं.

काकाला वाटलं ती विसरली. "वहिनी, दादानी मूठ राहिनी ना," तो म्हणाला.

माय सुपातले खडे निवडायला लागली.

"मनी मूठ?" आबाने विचारलं.

"तुमनी नही."

"मी काय मरी गऊ का?"

"माले माहीत नही," माय म्हणाली. मान वर केली नाही. "कानबाईले इचारा."

आबा ताडकन उठला. हात वर गेला. काकू माझ्या अंगावर कोसळल्यासारखी आली आणि तिने माझे डोळे झाकले, मी तिची बोटं ओढून काढली. मला बघायचं होतं. माय सुपासमोर बसलेली, मान खाली, मानेवर वेणीचे केस तुटून विस्कटलेले. आबाचा हात वरच. काका उठला नाही, त्याने आबाला धरलं नाही, तो नुसता सुपाकडे बघत होता, आजोबांच्या वेळी बघितलं होतं तसाच, आणि त्याचे डोळे भरले. आबाने धाकट्या भावाचा तो चेहरा पाहिला. आपल्यासाठी कुणी रडताना बघायची वेळ जित्या माणसावर येत नाही. आली. हात खाली आला. आतापर्यंत तो घरधनी म्हणून मारत होता. घरात मूठच नसलेला माणूस कुणाला मारणार, आणि कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी कानबाई बसली. गाणी झाली, आरत्या झाल्या. रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. मायने सगळ्यांना वाढले. आबा बाहेर ओट्यावर बसला होता. त्याला तिने वरण-भात नेऊन दिला, पाहुण्याला देतात तसा, पाण्याचा पेला बाजूला ठेवून. त्याने खाल्ला.

कानबाई बोळवून आल्यावर आबाने चौरंग ओढला आणि डबा उघडला. "ये वं, निये वेच," त्याने मला हाक मारली. निये म्हणजे निळे. मी मायच्या जवळ बसले होते, तिच्या हाताला शेक देत. "नाही," मी म्हणाले. माझ्या फाटलेल्या ओठातून तो शब्द नीट निघालाही नाही. पण निघाला. त्याने परत हाक मारली नाही. एकट्याने बसून आभाळ पहिल्यापासून लावायला घेतलं. त्याची पाठ बघून मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. मी जागची हलले नाही. लाइट गेली तेव्हा कंदीलही लावला नाही. अंधारात तो बसला गुपचूप.

त्याचा हात सुटायचा थांबला असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पुढेही कधी उचलला जायचा. पण माय आता आखडायची नाही. ती नुसता आपला उजवा हात पुढे करून मूठ मिटून दाखवायची. ते मनगट वाकडंच बसलं होतं, मूठ पुरती मिटतही नव्हती. ती अर्धवट मूठ बघितली की त्याचा हात हवेतच जड व्हायचा. मग तो चौरंगापाशी जाऊन बसायचा. आभाळ झालं, डोंगर झाला, घर, चक्की, काळ्या रेघा सगळ्यात शेवटी. पूर्ण झालं तेव्हा त्याने भावाला उचलून दाखवलं. मी दारातूनच पाहिलं. रक्त लागलेले तुकडे त्याने पाण्याने पुसले होते, तिथला निळा रंग उडून पांढरं झालं होतं.

पुढच्या श्रावणाच्या कितीतरी आधी त्याने ते मोडून डब्यात भरलं. चौरंग स्वतः नळावर नेऊन काथ्याने घासला, उन्हात वाळवला आणि लुगड्यात गुंडाळून उभा केला. मूठ घालायच्या दिवशी तो आंघोळ करून उंबऱ्यापाशी नाही, सुपासमोर येऊन बसला. मांडी घालून, हात मांडीवर. त्या दिवसापुरते रंग घासून घासून काढलेले, कातडी लाल झाली होती. मायने काकाची मूठ घातली. पोरांच्या घातल्या. भावाची घातली. मग हात कोठीतच राहिला. काकूचा श्वास मला ऐकू येत होता. आबा सुपाकडे बघत होता.

मायने मूठ काढली. त्याच्या नावाने सुपात टाकली. गळून गेलं त्याच्या बदल्यात पुन्हा टाकलं, मूठ पुरी होईस्तोवर. आणि हात झटकून कोठीवर झाकण ठेवलं.

आबा सुपावर वाकला. मग अगदी हळू म्हणाला, "वरना पाव?"

"पाव नही," माय म्हणाली. "हात दुखस ना अजून मना."